अन्नपूर्णेच्या परसातली गुळवेल

मी गुळवेल. अमडापुरात एका घराच्या परसात, कडुलिंबाच्या आधारानं राहते. इकडची माणसं मला गुयवेल म्हणतात. दिसायला मी काही खास नाही. पानं विड्याच्या पानासारखी, फुलं इतकी बारीक की कुणी ती माळत नाही, आणि पानगळीत तर मी झाडावर कुणी विसरून टाकलेल्या दोरखंडासारखी दिसते. चव विचाराल तर कडू. तरी एका बाईनं मला जीव लावला, आणि तिच्याच घरच्या माणसानं मला तोडलं. दोघंही भली माणसं आहेत. म्हणूनच हे सांगावंसं वाटतं.

माझा जन्म बीतून झाला नाही. सुलतानपूरला वच्छलाबाई नावाच्या बाईच्या परसात माझी आई होती, तीही लिंबावरच चढलेली. वच्छलाबाईची लेक अन्नपूर्णा लग्नानंतर पहिल्यांदा माहेरी राहून परत निघाली, तेव्हा वच्छलाबाईनं विळ्यानं माझ्या आईचा हातभर तुकडा कापला, ओल्या फडक्यात गुंडाळला आणि लेकीच्या पिशवीत ठेवला. तो तुकडा म्हणजे मी. एसटीच्या बाकाखाली लाडवांच्या डब्याशेजारी बसून मी सासरी आले.

लोक आता तिला अन्नपूर्णाबाई म्हणतात. मी तिला नवी नवरी असल्यापासून ओळखते, म्हणून मी नुसती अन्नपूर्णाच म्हणणार.

तेव्हा या परसात एक लिंब, धुण्याचा दगड आणि बाकी उघडी, तापलेली जमीन होती. अन्नपूर्णेनं लिंबाच्या बुडाशी मला रोवलं आणि धुण्याचं पाणी माझ्याकडे वळेल अशी बोटानं सरी काढून दिली. पुढे ती माहेरी जाई तेव्हा येताना काहीतरी घेऊन येई. एकदा अडुळशाच्या काड्या, एकदा निर्गुडीची फांदी, एकदा शतावरीचा कंद, कधी कढीपत्त्याचं रोप, कधी पदराच्या गाठीत रानतुळशीचं बी. बाकी साड्या-बांगड्या काय मिळाल्या ते मला ठाऊक नाही. आईनं लेकीला परस मात्र असं थोडं थोडं करून देऊन टाकलं.

पावसाळ्यात आपोआप उगवणारंही पुष्कळ होतं. तरोटा, माका, आघाडा. अन्नपूर्णा ते उपटत नसे. तरोट्याच्या कोवळ्या पानांची भाजी करी, माका खोबरेलात उकळी, आघाडा पूजेच्या पत्रीला नेई. आणि जे उरेल ते त्यांचं, असं म्हणे. त्यांचं म्हणजे कुणाचं, हे तिनं कधी कुणाला समजावून सांगितलं नाही. पण मला वरून सगळं दिसायचं. कढीपत्त्यावर हिरव्या अळ्या आल्या की ती फोडणीपुरती पानं दुसऱ्या फांदीची तोडायची. कोपऱ्यात वाळल्या पाल्याचा ढीग ती कधी पेटवू देत नसे, कारण त्याच्याखाली बेडूक राहत. अडुळशाचं झुडूप माणसाच्या उंचीचं झालं तेव्हा शिंपी पक्ष्यानं त्याचं पान शिवून त्यात घरटं केलं. अन्नपूर्णेनं त्या बाजूची दोरी सोडली आणि पिल्लं उडून जाईपर्यंत कपडे दुसरीकडे वाळवले.

माझ्याही पानांना दर पावसाळ्यात भोकं पडत. एक जाड, काळपट अळी येई, तिच्या अंगावर मोठे डोळे काढल्यासारखे ठिपके. लेक डिंपल लहानपणी तिला पाहून किंचाळली होती. अन्नपूर्णेनं तिला कडेवर घेऊन ती अळी जवळून दाखवली. "ते खोटे डोये हायेत," ती म्हणाली. "पाखराले भेव दाखवाले. तुले थोडीच काई करते ते."

आता त्या घरच्या माणसाबद्दल. अन्नपूर्णेचा नवरा शालिग्राम. शेती पिढीजात, आणि शेतीत माणूस चोख. गावात म्हणत की शालिग्रामच्या वावरात पिकाशिवाय काडी दिसत नाही. पाठीवर पंप घेऊन तो धुऱ्यापर्यंत, म्हणजे पार बांधापर्यंत, तणनाशक मारायचा, आणि संध्याकाळी घरी आल्यावर त्याची नजर पहिल्यांदा परसाकडे जायची. त्याला आमची लाज वाटे. चांगल्या शेतकऱ्याच्या घरामागं असा झाडोरा, लोक काय म्हणतील. बैठकीत कुणी चेष्टा केली की बायकोनं घरामागं जंगल केलं, तर तो हसायचा, पण आत येऊन अन्नपूर्णेला म्हणायचा की हे एकदा साफ करून टाकू. ती म्हणायची, "राहू द्या." तो राहू द्यायचा. असं बरीच वर्षं चाललं.

एकदाच दोघांत जरा वाजलं. पाल्याच्या ढिगातून एक लांबलचक धामण निघाली आणि धुण्याच्या दगडाकडे सरकली. शालिग्रामनं काठी उचलली. अन्नपूर्णा हातात ओलं लुगडं तसंच धरून त्याच्या आणि धामणीच्या मधे उभी राहिली. ही विषारी नाही, उंदीर खाते, हिच्यामुळं आपल्या कोठीतलं धान्य वाचतं, असं ती सांगत राहिली. शालिग्राम म्हणाला की घरात लहान पोरगी आहे. पण त्यानं काठी खाली केली. धामण माझ्या मुळांपाशी आली आणि लिंबाच्या पोकळीत दिसेनाशी झाली. त्या रात्री जेवताना दोघं बोलत नव्हती, असं डिंपलनं दुसऱ्या दिवशी शेजारच्या कलाबाईला सांगितलं. मी ते ऐकलं.

मग कोरोनाचं वर्ष आलं आणि मी एकाएकी मोठी झाले. ज्यांनी या परसाला जंगल म्हटलं होतं ते तोंडाला रुमाल बांधून मागच्या दारी उभे राहू लागले. सगळ्यांना काढ्यासाठी मी हवी होते. अन्नपूर्णा स्वतः कापून द्यायची. बुडाशी हात लावू देत नसे, वरची जून फांदी द्यायची, आणि प्रत्येकाला काढा कसा उकळायचा ते सांगायची. शालिग्रामला ताप आला तेव्हा तिनं त्यालाही पाजला. तो माझ्यामुळं बरा झाला की आपोआप, ते मला सांगता येणार नाही. अन्नपूर्णा मात्र बरं वाटल्यावर त्याला हाताला धरून माझ्यापाशी घेऊन आली आणि हिच्या पाया पडा म्हणाली. तो पडलाही.

दिवस निवळले आणि मागचं दार पुन्हा ओस पडलं. माणसाला गरज असते तेव्हा त्याला पान न् पान ओळखू येतं, आणि गरज सरली की सगळा हिरवा रंग एकसारखा दिसायला लागतो. मी त्याचं वाईट मानलं नाही. वेल आहे, मान-अपमान मला फार कळत नाही. पण शालिग्रामच्या लक्षात राहील असं वाटलं होतं.

गेल्या वर्षी गौरी उठल्या आणि सुलतानपुरावरून फोन आला की वच्छलाबाईंनी अंथरूण धरलं. अन्नपूर्णा डिंपलला घेऊन गेली. जाताना परसात येऊन पाखरांच्या मातीच्या परळात पाणी भरून गेली. पुढचं सगळं मला शालिग्रामच्या फोनवरच्या बोलण्यातून कळलं. पितृपक्षात वच्छलाबाई वारल्या. शालिग्राम मातीला गेला, राख सावडून परत आला. अन्नपूर्णा तेरवीपर्यंत तिकडेच थांबली.

घरात एकटा माणूस. सोयाबीन सोंगायला, म्हणजे कापायला, अजून वेळ होता. त्यातच डिंपलला पाहायला मेहकरकडचे पाहुणे दसऱ्यानंतर येणार असल्याचा निरोप आला. शालिग्राम चहाचा कप घेऊन मागच्या दारात उभा राहिला. पावसाळाभर कुणी हात न लावलेलं परस त्याच्यासमोर होतं, तरोटा कमरेएवढा, आघाडा दारापर्यंत आलेला. त्यानं कुणाला तरी फोन लावला आणि म्हणाला, "बिचारी दमून येईन. तिच्या मायचं सारं आटपून येईन. मी म्हणतो येईस्तोवर मागचं साफ करून ठेवतो. तेवढंच तिचं काम कमी."

हे त्याचं वाक्य मी विसरत नाही. त्यात कपट नव्हतं.

सकाळी त्यानं विळा घेतला, मग कुऱ्हाड. अडुळसा पडला, निर्गुडी पडली. शतावरीचे काटे त्याच्या हाताला लागले तेव्हा त्यानं ती मुळासकट खणली. पाल्याचा ढीग पेटवला. बेडूक बाहेर आले आणि उघड्या जमिनीवर कुठं जावं ते न कळून इकडे तिकडे उड्या मारत राहिले. शिंप्याचं जोडपं दिवसभर माझ्या फांद्यांतून ओरडत होतं. दुपारनंतर तो लिंबाकडे आला. ही वेल लिंबाचा गळा आवळते, असं त्याला पूर्वीपासून वाटायचं, आणि लिंब त्याच्या वडिलांनी लावलेला. माझं खोड मनगटाएवढं झालं होतं. दोनतीन घावांत तुटलं. हाताला आलं तेवढं त्यानं ओढून खाली पाडलं. वर शेंड्याकडे गुंतलेलं राहिलं, ते आपोआप वाळेल म्हणाला. दुसऱ्या दिवशी पाठीवर पंप घेऊन तो आला आणि उरल्यासुरल्या सगळ्यावर फवारून गेला. त्यानंतर त्यानं तिथं सिमेंटचा एक बाक आणून ठेवला आणि त्यावर स्वतःच बसून पाहिलं.

अन्नपूर्णा आली ती दुपारच्या एसटीनं. पाय धुवायला ती मागच्या दारी आली. शालिग्राम तिच्या मागोमाग आला, आणि एखादी नवी वस्तू दाखवावी तसं म्हणाला, "पाह्य कसं चकाचक केलं. आता तुले मागं काई झंझटच नाही."

तिच्या हातात पिशवी होती. ती तिनं हळूच दगडावर ठेवली. सगळीकडे एकदा नजर फिरवली. जमीन पिवळी पडली होती. लिंब एकटा उभा होता. तिनं वर माझ्याकडे पाहिलं की नाही ते मला नक्की सांगता येत नाही.

"कवा केलं?" तिनं विचारलं.

आठ दिवस झाले, असं तो म्हणाला.

"बरं केलं," ती म्हणाली आणि पाय न धुता आत गेली.

शालिग्रामला ते खरंच वाटलं. आपल्या बायकोला काम आवडलं म्हणून तो खूश होता. डिंपल मात्र तिथंच उभी राहिली. तिनं दगडावरची पिशवी उघडून पाहिली आणि पुन्हा बंद केली. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेली सुलतानपूरची काही रोपं होती. ती कुणी लावली नाहीत. तिथंच वाळली.

पाहुणे ठरल्या दिवशी आले. पुढच्या खोलीत बसले, पोहे खाल्ले, डिंपलशी बोलले, पसंती सांगून गेले. परसात कुणी आलं नाही. बाक पाहायलासुद्धा नाही.

त्यानंतर अन्नपूर्णा मागं यायची बंद झाली. धुणं तिनं पुढच्या नळावर नेलं. कपडे गच्चीवर वाळू लागले. मागच्या दाराला कडी लागली ती लागलीच. शालिग्रामला बरेच दिवस काही कळलं नाही. आईचं दुःख आहे, निवळेल, असं तो धरून चालला. शेवटी कलाबाईनंच त्याला भिंतीवरून हाक मारून सांगितलं.

"भाऊजी, एक बोलू का? तिची माय सुलतानपुरात नाही गेली. ते इथं होती, ह्या परसात. तिकडं चिता पेटली अन् इकडं तुमी कुऱ्हाड चालवली."

शालिग्राम भिंतीपासून मागं सरकला. बाकावर बसला. कलाबाई आत निघून गेली तरी तो बसूनच होता. उन्हं डोक्यावर आली, अंगावर लिंबाची थोडीशी सावली होती तीही सरकली, तरी उठला नाही.

मग त्यानं ते निस्तरायचा प्रयत्न सुरू केला, आणि तो पाहताना मला त्याचीच कीव आली. आधी तो चिखलीच्या नर्सरीतून रंगीत पानांची रोपं घेऊन आला. लाल, पिवळी, ठिपक्यांची, सगळी काळ्या पिशव्यांत. ओळीनं लावली. अन्नपूर्णेनं दार उघडून पाहिलं आणि पाणी घालायला विसरू नका एवढंच म्हणाली. त्या रोपांवर एकही पाखरू बसलं नाही. एकही अळी आली नाही. उन्हाळ्यात ती उभ्या उभ्या करपली.

डिंपलचं लग्न झालं, ती मेहकरला गेली. घरात दोघंच उरली. एक दिवस शालिग्राम कुणाला न सांगता सुलतानपूरला गेला. सासूच्या परसातून सगळं नव्यानं आणायचं असं त्याच्या मनात होतं. संध्याकाळी रिकाम्या पिशवीनं परत आला. मेहुण्यानं मागं खोली काढायला घेतली होती. लिंबासकट सगळं गेलं होतं. माझी आई ज्या लिंबावर होती तोच. हे त्यानं अन्नपूर्णेला मागच्या दारात सांगितलं. ती चुलीवरचं दूध उतू जाईल म्हणून आत गेली. दूध वगैरे काही नव्हतं. घरात गॅस आहे, आणि त्यावर तेव्हा काही चढवलेलं नव्हतं, हे त्यालाही माहीत होतं.

नंतर पावसाळ्यात तो तण शोधायला निघाला. हो, तण. आपल्या वावरात काडी दिसत नाही असा ज्याचा लौकिक, त्याला माका आणि आघाडा शोधत दुसऱ्यांच्या धुऱ्यांवर फिरावं लागलं. लोकांनी विचारलं, काऊन बे शालिग्राम, हे काय करून राह्यला, तर तो काहीतरी थातूरमातूर सांगायचा. मुळासकट मातीचे गोळे घेऊन यायचा आणि परसात लावायचा. काही जगली, बरीच मेली.

आता माझ्याबद्दल. मी मेले असं सगळ्यांनीच धरलं होतं. वर शेंड्याला अडकलेला माझा भाग हिवाळाभर नुसता दोरीसारखा लोंबत होता. पण आमची जातच अशी आहे, तोडली तरी लगेच मरत नाही. उन्हाळ्याच्या शेवटी मला पुन्हा पालवी फुटली, आणि पावसाळा सुरू झाला तसा मी वरून खाली दोऱ्यासारखी बारीक मुळं सोडली. वाऱ्यानं हेलकावत, कधी तुटत, त्यातलं एक जमिनीला टेकलं.

ते पहिल्यांदा शालिग्रामला दिसलं. आधी त्याला कोळ्याचं जाळं वाटलं, तो हातानं झटकणार होता, तोच थांबला. वर पाहिलं. मग घराला वळसा घालून आत गेला आणि अन्नपूर्णेला घेऊन आला. बऱ्याच महिन्यांनी ती परसात उतरली.

तिनं ते मूळ दोन बोटांत धरलं. ओढलं नाही. मग बाकाकडे गेली आणि बसली. तो उभाच होता.

"मी तुमाले काई म्हणत नाही," ती म्हणाली. "मले एकच सांगा. एवढी वर्सं ह्या दारातून तुमी जाये-ये केली. तुमाले इथं कवाच काई दिसलं नाही का?"

शालिग्रामनं त्या मुळाकडे पाहिलं. तो खोटं बोलू शकला असता.

"नाही दिसलं," तो म्हणाला.

तिनं मान हलवली. रडली नाही. तिला उत्तर आधीच ठाऊक होतं, फक्त त्याच्या तोंडून ऐकायचं होतं, असं मला वाटतं. ती उठली, त्या मुळाभोवती तिनं चार दगड मांडले आणि आत गेली. दाराला कडी लावली नाही.

आता माझी स्थिती अशी आहे. माझं नवं खोड करंगळीएवढं आहे. कुणाला काढ्यासाठी द्यावं असं माझ्याकडे काही नाही, आणि मागायलाही कुणी येत नाही. माका एका कोपऱ्यात धरला आहे. शिंपी आलेला नाही. बेडूक या पावसाळ्यात ओरडले नाहीत. धामण कुठं गेली ते कुणालाच माहीत नाही, कोठीत मात्र उंदीर झाले आहेत. जे परस एका बाईनं आईकडून निम्मं आयुष्य खर्चून आणलं, ते आता पुन्हा आणता येणार नाही, कारण ज्या दारातून आणायचं ते दारच राहिलं नाही. माझ्यात वच्छलाबाईच्या परसाचा एक तुकडा उरला आहे, तेवढाच.

तुमच्या घरामागं अशी जागा असेल तर एवढंच सांगेन. साफ करायच्या आधी घरातल्या कुणाला तरी विचारा. तण म्हणून जे उपटाल ते कुणी कुठून आणलं असेल, त्याच्या पानात कुणाचं घर शिवलेलं असेल, ते उभ्यानं दिसत नाही.

शालिग्राम आता विचारतो. रोज सकाळी दोघं परसात येतात. तो उकिडवा बसून जमिनीतून वर आलेल्या एकेका कोंबाकडे बोट दाखवतो आणि हे काय हाय, असं विचारतो. अन्नपूर्णा नाव सांगते. नावापलीकडे ती फारसं बोलत नाही, आणि तोही अपेक्षा करत नाही. त्यांचा संसार सध्या एवढ्याच बोलण्यावर चालला आहे.

आज सकाळी त्यानं बाकाच्या पायाशी आलेला एक कोंब दाखवला. दोन पानांचा, फिकट हिरवा. अन्नपूर्णा वाकली, तिनं पान उलटं करून पाहिलं, बोटावर चोळून वास घेतला.

"हे मलेबी नाही समजत," ती म्हणाली. मग त्याच्या शेजारी खाली बसली. "राहू द्या. वाढलं का पाहू."